गळ्यातली थोरली

काचेचा माल बैलगाडीतून नेला की निम्मा वाटेतच वाढतो. आम्हा कासारांच्या घरात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. म्हणून तुळशीचं लग्न लागलं आणि पूर ओसरून गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणी निवळलं, की माझ्या सासरचे लोक गंगाखेडच्या घाटावर नावेत माल भरत आणि काठाकाठानं गावं घेत थेट नांदेडला जात. बारा-तेरा दिवसांची फेरी. नाव डुलते, पण आदळत नाही. लग्नसराईच्या आधी काठच्या लेकीबाळींचे हात भरून व्हायचे, आणि रिकामी खोकी घेऊन परत यायचं ते आगगाडीनं.

रझाकारांच्या धामधुमीत ही फेरी बंद पडली. त्याच साली घरात एक मरणही झालं. मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, हळूहळू स्टेशनावर फिरोजाबादच्या बांगड्यांचा माल पुन्हा उतरू लागला, आणि चार वर्षांनी माझे यजमान, राधाकिशन कासार, परत नाव सोडायला निघाले.

"हिला संगं ने," सासूबाई म्हणाल्या. "देशमुखाच्या बाया गड्याच्या हातून भरून घेत न्हाईत. तिथं बाईचाच हात लागतोय."

"लेकरू हाय तिच्या अंगावर," हे म्हणाले.

"मग? लेकरू काय वल्हं मारणार हाय का? ने मनते ना." आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "पर मनकर्णा, तुझा हात जड हाय. माल लय वाढला तर पुढल्या साली धाकली सून जाईल, तू चूल सांभाळायची. आत्ताच सांगून ठेवते."

मी मान डोलावली. त्या घडीला मी कशालाही मान डोलावली असती. अकरा माणसांच्या घरात यांच्याशी दिवसाउजेडी चार शब्द बोलायचे तर हातात पाण्याचा तांब्या तरी असावा लागायचा. आता बारा दिवस नावेत आम्ही दोघं, आमची सहा महिन्यांची कमल, आणि नाव चालवणारे म्हातारे मुंजाजी भोई. सेलूला आईला मी कार्ड टाकलं, की आम्ही दोघं गंगेतून नांदेडला निघालो आहोत.

दोघं लिहिलं, पण लेकरू आणि नावाडी सोडूनही होतो तिघं.

मी यांची दुसरी. पहिली दैवशाला. तिला मूल झालं नाही, आणि त्या धामधुमीच्या साली चार दिवसांच्या तापानं ती गेली. आमच्याकडं दुसरेपणावर आलेल्या बायकोनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा असतो. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उठवलेली हात जोडलेली बाई, मंगळसूत्राला लागून. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं. जेवायला बसलं की पहिला घास टाकाला दाखवायचा, मग आपण खायचा. सगळे तिला थोरली म्हणतात, जणू ती आत स्वयंपाकघरात आहे. कमल पाजायला घेतली की तिची मूठ नेमकी त्या टाकावर जाई. मी ती मूठ सोडवून माझ्या बोटाला लावी.

पहिल्या गावाचा घाट दिसला तोच काठावरची एक बाई धुणं टाकून धावत आली.

"आले गं आले, कासार आले! दैवशालाबाई, किती सालांनी माय! आमाला वाटलं, विसरलाव आता!"

नाव काठाला लागली. ती बाई पाण्यात गुडघाभर आली आणि थबकली. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग गळ्याकडं. दोन बोटांत तो टाक धरला.

"आँ? ही कवा गेली?"

"रझाकाराच्या सालीच," हे खाली बघत म्हणाले. "तापानं."

बाईनं टाक कपाळाला लावला आणि रडू लागली. माझा गळा तिच्या हातात, म्हणून मला वाकून उभं राहावं लागलं. मग दुसऱ्या आल्या, तिसऱ्या आल्या. "बया, किती गुणाची हुती." "माझ्या बाळंतपणात रातभर बसली हुती." एकेक जण माझ्या गळ्याशी येऊन थोरलीला भेटत होती. कुणाचीच नजर तिथून वर चढली नाही.

मग हात भरायला बसल्या. मी एकीचा हात धरला, बांगडी ढकलली आणि ती वाढली. दुसरी वाढली. तिसरीला बाईच्या हाताला जरा काच लागली.

"ऱ्हाऊ दे माय," ती हात काढून घेत म्हणाली, रागानं नाही, उगीच समजूत काढल्यासारखं. "राधाकिशनभाऊ, तुमीच भरा. हिच्या हातात न्हाई ते. तिचा हात लोण्याचा हुता."

यांनी तिचा हात हातात घेतला. दिवसभर हे परक्या बायकांचे हात हातात घेतात, हा आमचा धंदाच आहे, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण त्या बाईच्या हातावर बांगड्या चढवताना हे आणि ती मिळून दैवशालेच्या आठवणी काढत होते, "आठवतंय का, त्या साली वादळ झालतं," असं, आणि मी बाजूला बसून काचांचे तुकडे गोळा करत होते.

नावेतही तेच. मी दुपारी सावली बघून बसले तर मुंजाजीमामा म्हणाले, "बराबर बसलाव वैनी. थोरल्या वैनीची जागा तीच. ऊन येत न्हाई तिथं."

मी उठले आणि समोरच्या बाजूला उन्हात जाऊन बसले.

"आवो वैनी, भाजाल की!"

"मला थंडी वाजायलीय," मी म्हणाले. संध्याकाळपर्यंत माझं नाक सोललं. यांनी विचारलं, "काय झालं नाकाला?" मी म्हणाले, "तुमाला दिसलं का? बरं झालं."

तिसऱ्या दिवसापर्यंत मी तीन गावांत मिळून इतक्या बांगड्या वाढवल्या, की सासूबाईंचं बोलणं कानात वाजू लागलं. पुढल्या साली धाकली जाईल. त्या दिवशी ऊन कलताना नाव संथ धारेला लागली होती. कमल झोपली होती. हे माझ्यासमोर येऊन बसले.

"हात आण इकडं."

मी हात दिला. यांनी माझ्या अंगठ्याच्या बुडाशी असलेला मऊ भाग आपल्या बोटांनी आत वळवला, चारी बोटं जुळवली आणि हाताची अशी मोळी केली, की माझा हात मलाच लहान मुलीचा वाटला. "बांगडी ढकलायची न्हाई. फिरवत न्यायची. हाड लागलं की थांबायचं, बाईला काहीतरी इचारायचं. लेक कुठं दिली, सून कशी हाय. ती बोलायला लागली की हात आपोआप ढिला सोडती. त्याच टायमाला न्यायची." बांगडी खरंच माझ्या मनगटावर येऊन पडली, कळलंही नाही. यांनी दुसरी घेतली. मग तिसरी. शिकवायला एवढ्यांची गरज नव्हती, हे दोघांनाही कळत होतं. लग्नाला दोन वर्षं झाली, पण इतका वेळ माझा हात कुणाच्या हातात राहिला नव्हता.

"तुमाला कुणी शिकवलं?" मी विचारलं. उगीच. बोलणं लांबावं म्हणून.

"दैवशालेनं. तिच्या माहेरची कला ही. माझाबी हात तुझ्यावानीच जड हुता."

मी हात काढून घेतला. त्या तिन्ही बांगड्या मनगटावर चावल्यासारख्या वाटू लागल्या. म्हणजे माझ्या हाताला जे लागलं होतं, तेही तिचंच.

त्या संध्याकाळी काठावर तीन दगड मांडून भाकरी केल्या. पहिला घास मी टाकाला दाखवला नाही. सरळ तोंडात घातला. कुणी पाहिलं नाही. अंधार पडायच्या आत मी टाक दोऱ्यातून सोडवला आणि हिरव्या बांगड्यांच्या खोक्यात, गवताच्या तळाशी खुपसला. पदर गळ्याभोवती घट्ट घेतला. गळा एवढा हलका लागला, की मी दोनदा चाचपून पाहिलं, मंगळसूत्र तर आहे ना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही पालमच्या बाजूच्या एका गावी लागलो. नावेपेक्षा बातमी पायी लवकर पोचते. काठावर कडूबाई नावाची बाई वाटच बघत उभी होती. शेजारी तिची लेक, हळदीला चार दिवस राहिलेली, लाजून पायानं वाळू उकरत.

"मला समदं कळलंय," कडूबाई यांना म्हणाली. "दैवशालाबाईनं मला शब्द दिला हुता, पोरीचा लग्नचुडा मी भरीन मनून. पोर तवा एवढुशी हुती. आता ती न्हाई तर न्हाई. तिचा टाक पोरीच्या तळहातावर ठिवते, आन् ह्या बाईनं चुडा भरावा. मंजे तिचा शब्द खरा हुईल." मग माझ्याकडं वळून हात पसरला. "दे माय. काढून दे जरा."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी पदर आवळला.

"न्हाई," मी म्हणाले.

"न्हाई मंजे?"

"पडला." माझ्या तोंडून निघून गेलं. "सकाळी... तोंड धुताना. दोरा सुटला असंल. इथंच, पाण्यात."

कडूबाईनं तोंडावर हात घेतला. यांचा चेहरा असा झाला, की तसा मी आधी कधी पाहिला नव्हता. यांनी पगडी काढून नावेत ठेवली, सदरा काढला, आणि मार्गशीर्षाच्या तोंडावरच्या त्या गार पाण्यात उतरले.

"कुठं? कुठं धुत हुतीस तोंड?"

मी बोट केलं. कुठंतरी करायचंच होतं.

हे कमरेएवढ्या पाण्यात वाकून हातानं वाळू चाचपू लागले. मुंजाजीमामाही उतरले, पायानं तळ धुंडाळू लागले. घटका गेली. यांचे ओठ काळेनिळे पडले, तरी बाहेर येईनात. मी काठावर कमलला घेऊन बसले होते आणि आतून जळत होते. नखाएवढ्या चांदीसाठी! मी पडले असते तर एवढं शोधलं असतं का? मेलेल्या बाईसाठी माणूस गंगेचा तळ उपसतोय आणि जिती बायको काठावर बसून बघतेय. शोधा, मी मनात म्हणाले, शोधा अजून. सापडणार नाही तुम्हाला.

"राधाकिशन, तिकडं नको, तिकडं डोह हाय!" मामा ओरडले.

यांना पोहता येत नाही. आयुष्यभर नदीवर धंदा केला, पण नावेतून. मी पाहिलं, तर यांचं डोकं दिसत होतं, आणि पुढच्या क्षणी नव्हतं. पाण्यावर नुसता एक हात.

मामांनी उडी घेतली, केसांना धरून यांना वर ओढलं. हे खोकत, ठसकत गळ्याएवढ्या पाण्यात उभे राहिले आणि, देवा, परत खाली वाकायला लागले.

"निघा भाईर!" मी किंचाळले. कमल दचकून रडू लागली. "निघा! टाक पडला न्हाई. मी लपवलाय. खोक्यात हाय."

हे बाहेर आले. माझ्यासमोर उभे राहिले. अंगावरून पाणी गळत होतं, दात वाजत होते. मला वाटलं, आता हात उगारतील.

"काहून?" एवढंच विचारलं.

"काहून मंजे?" माझाही तोल गेला होता. "सगळं तिचंच हाय. घाट तिचे, बाया तिच्या, सावली तिची. माझ्या हाताला धरून शिकवलं तेबी तिचंच. आन् तुमी तिच्यासाठी जीव द्यायला निघालाव."

"तिच्यासाठी?" हे माझ्याकडं बघतच राहिले. "आगं, टाक गंगेत गेला की सवत रुसती. धाकलीला बाधती, तिच्या लेकराला बाधती. एवढं बी म्हाईत न्हाई तुला? मी कुणासाठी उतरलो? तिला काय व्हायचंय आता? तिचं समदं होऊन गेलं. मला तुझं आन् ह्या पोरीचं भ्या वाटलं."

हे मला माहीत नव्हतं. आमच्या सेलूला टाक असतात, पण बाधण्याचं कुणी सांगितलं नव्हतं. मी कमलला छातीशी आवळलं.

"मला इचारायचं की," मी म्हणाले.

"तू सांगायचं की. जळतेस मनून."

"कुणावर? मेलेल्या बाईवर? हसली असती दुनिया."

"मग मी कुणाला सांगायचं?" यांनी डोक्यावरून पाणी निपटलं. "मी बी जळायलोय की."

"कुणावर?"

यांनी कमलकडं बोट केलं. "हिच्यावर. सा महिने झाले, तुझी नुसती पाठच बघायलोय मी. नावेत येशील, बोलशील वाटलं, तर इथंबी तेच. ती रडली की तू तिची, ती झोपली की तू झोपली."

मुंजाजीमामा धोतर पिळता पिळता म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आता. सहा म्हयन्याच्या पोरीवर जळणारा बाप आन् मेलेल्या बाईवर जळणारी आई. नाव भरली जळक्यांनी. कडूबाय, जाळ कर बाई जरा, शेकू दे आमाला. हिथल्या जळण्यानं काय ऊब येईना."

मला वाटलं, आता कडूबाई लेकीला घेऊन घरी जाईल. खोटं बोलणाऱ्या बाईच्या हातून कोण चुडा भरेल? पण तिनं जाळ केला, आणि मग खोक्याजवळ येऊन बसली.

"काढ माय तो टाक," ती म्हणाली. "पोर ताटकळलीय."

मी गवतात हात घातला आणि टाक काढून तिच्या हातावर ठेवला. तिनं तो पोरीच्या तळहातावर ठेवून मूठ मिटली. मी हिरव्या बांगड्या सोडवल्या. पोरीचा दुसरा हात हाती घेतला. अंगठ्याच्या बुडाचा भाग आत वळवला. बांगडी फिरवत नेली. हाडाशी येऊन थांबली.

"सासू कशी हाय गं?" मी विचारलं.

"अजून कुठं बघितलीय," पोर म्हणाली.

"बरंय मग. जेवढे दिवस न्हाई बघत, तेवढे सुखाचे."

ती हसली, आणि बांगडी मनगटावर येऊन पडली. मग दुसरी. पोर बोलत गेली, नवरा कुठल्या गावचा, शेत किती, म्हैस कितव्या वेताची. अकरा झाल्या. कडूबाईनं टाक या हातातून त्या हातात दिला. दुसऱ्या हातात एक जास्त, बारा. माझ्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला, पण पुसायला हात मोकळा नव्हता. शेवटची बांगडी मनगटावर आली तेव्हा मी घाम पुसला.

कडूबाईनं पोरीचे दोन्ही हात वर करून वाजवले. "बघा गं! तेवीसात एकबी वाढली न्हाई. दैवशालाबाईचाच हात! शब्द खरा केला तिनं."

"तिचाच गं, तिचाच," बाया म्हणाल्या, आणि पोरीच्या मुठीतला टाक घेऊन एकेकीनं कपाळाला लावला.

मी खाली बसून गवत गोळा करू लागले. कानशिलं तापली होती. घाम माझा, अंगठा माझा, बोलणं माझं, आणि हात तिचा.

"न्हाई बाई," मागून यांचा आवाज आला. हे मामांची घोंगडी पांघरून जाळाशी बसले होते. "दैवशालेच्या हातून चुड्यातल्या दोन तर वाढायच्याच. लग्नाचा चुडा मनलं की ती भ्यायची. हळूच पदराखाली तुकडे झाकायची आन् दुसऱ्या काढायची. ह्यो हात तिचा न्हवं. ह्यो हिचा हाय."

कडूबाई यांच्याकडं बघत राहिली.

दोन वर्षं जे ऐकायला मी आसुसले होते, ते यांनी चारचौघांत, मोठ्यानं सांगितलं होतं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण त्या आनंदाच्या पाठोपाठ मला ती दिसली. पत्र्यावरची हात जोडलेली नव्हे. माझ्याच वयाची एक बाई, सासूच्या धाकानं पदराखाली तुकडे लपवणारी, कुणाच्या लक्षात तर आलं नाही ना म्हणून इकडंतिकडं बघणारी. एवढी वर्षं तिनं झाकून ठेवलेलं आज तिच्याच नवऱ्यानं, तिच्यासाठी रडलेल्या बायांसमोर उघडं केलं. ते माझ्यासाठी.

"असं नका बोलू," मी म्हणाले.

"खोटं बोलायलोय का मी?"

"खरं असंल. तरी नका. ती न्हाई हिथं दुसरी बाजू सांगायला."

हे मुंजाजीमामांकडं वळले. "बघा मामा! हिची बाजू घ्यावी तर ही तिची बाजू घेती."

"दोन बायकांच्या दादल्यानं तोंड उघडूच न्हाई," मामा म्हणाले. "चल, अंग तापलं असंल तर नाव ढकल."

कडूबाईनं नावेत शिधा घातला आणि माझ्या गळ्यात स्वतःच्या हातानं टाक ओवून दोऱ्याला दोन गाठी मारल्या. नाव सुटली. गाव वळणाआड गेलं. कमल यांच्या मांडीवर, घोंगडीत गुरफटून, यांचं बोट चोखत पडली होती. हे तिच्याकडं बघून काहीतरी पुटपुटत होते. मी आपली सावलीत बसून होते. थोरलीच्या जागी.

पण एक गोष्ट मनातून जाईना. शेवटी विचारलंच.

"तुकडे पदराखाली झाकायची ती. मग तुमाला कसं दिसायचं? एवढं निरखून बघत बसायचाव का तिच्याकडं?"